मुंगीची बाजू खूप झाली

शाळेत शिकलेल्या गोष्टींपैकी एखादी बदलून टाकायचा अधिकार मला कोणी दिला, तर मी पहिला हात मुंगी आणि नाकतोड्याच्या गोष्टीला घालीन. तुम्हा सगळ्यांना ती पाठ असणार. नाकतोडा उन्हाळाभर गात बसतो, मुंगी दाणे वाहते. मग वाईट दिवस येतात, नाकतोडा मुंगीच्या दारात हात पसरायला जातो आणि मुंगी त्याला टोमणा मारून हाकलते. गोष्ट सांगून झाली की मास्तर वर्गातल्या पेटी वाजवणाऱ्या नाहीतर भजनात झांज धरणाऱ्या मुलाकडे बघायचे. गोव्यात असा एखादा मुलगा प्रत्येक वर्गात असतोच, त्यामुळे त्यांना लक्ष्य शोधावं लागत नसे.

माझी तक्रार तात्पर्याबद्दल आहेच, पण त्याआधी पात्रांबद्दल आहे. या गोष्टीत नाकतोडा मुळात नव्हताच. इसापाच्या नावावर चालणाऱ्या ग्रीक गोष्टीत मुंग्यांकडे जातो तो 'तेत्तिक्स', म्हणजे लॅटिनमधला सिकाडा. ला फोंतेन या फ्रेंच कवीने 1668 साली आपल्या नीतिकथा छापल्या, त्यातली पहिलीच कथा 'सिगाल आणि मुंगी' ही आहे. सिगाल म्हणजे पुन्हा सिकाडाच. दक्षिण युरोपात हा किडा घरोघरी ठाऊक. इंग्लंडात मात्र त्याची अवघी एक जात होती, तीही न्यू फॉरेस्ट नावाच्या रानापुरती, आणि 1990 च्या दशकानंतर तिथल्या रानात तीही खात्रीने कोणी ऐकलेली नाही. जो किडा कधी पाहिला-ऐकला नाही तो मुलांना समजावणार कसा? म्हणून इंग्रजीत त्याच्या जागी ओळखीचा, गवतातला नाकतोडा बसला. त्यांच्यापुरतं ते ठीकच होतं. पण आपण ती गोष्ट इंग्रजीतून उचलली ती नाकतोड्यासकट. ज्यांच्या गावात सिकाडा नाही त्यांनी केलेली तडजोड, ज्यांच्या परसात वैशाखात या किड्यापायी माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, त्यांनी बाकावर बसून घोकली! गंमत अशी, की पोर्तुगीजमध्ये ही गोष्ट 'सिगार्रा आणि मुंगी' म्हणूनच सांगतात. म्हणजे आमच्यातल्या जुन्या पोर्तुगीज शिकलेल्या मंडळींना गोष्टीतला खरा किडा मिळाला असणार आणि मराठी शाळेतल्या आम्हाला त्याचा बदली कामगार. (याबाबतीत पोर्तुगीज शाळेवाले आमच्या एक पाऊल पुढे होते हे मान्य करायला माझी हरकत नाही. याबाबतीतच!)

आता 'सिकाडा' हा शब्द वाचून काही जण विचारतील, अहो, रातकिडा म्हणा ना सरळ. नाही म्हणणार. रातकिडा वेगळा. तो पंख एकमेकांवर घासून वाजवतो, बहुतेक रात्रीचा वाजवतो, आणि पावसाळ्यात न्हाणीघराच्या कोपऱ्यात लपून आपली झोप उडवतो तो हाच. त्याची सोयरीक नाकतोड्याशी. आपला हा गडी दिवसाढवळ्या, ऐन उन्हात, झाडाच्या खोडाला चिकटून ओरडतो. काही जाती तिन्हीसांजेला सुरू होतात आणि अंधार पडला की एकदम गप्प. त्याची भावकी वेगळ्याच घरातली आहे. आंब्याच्या मोहोरावर पडणारे तुडतुडे बागायतदारांना चांगले माहीत आहेत, तसाच झाडाचा मावा. हे सगळे सोंडेने झाडाचा रस ओढणारे, सिकाडा त्यांच्यातला थोरला. बोटाच्या पेराएवढा किंवा त्याहून मोठा, डोकं रुंद, डोळे दोन टोकांना, आणि पंख काचेसारखे नाहीतर झाडाच्या सालीच्या रंगाचे. दिसत नाही कारण सालीत मिसळून जातो. आवाज येतो त्या झाडाखाली जाऊन उभे राहिलात की तो आवाज दुसऱ्याच झाडावरून येतोय असं वाटायला लागतं, आणि नेमक्या झाडाजवळ पोचलात की गप्प. पोरं या खेळात अख्खी मे महिन्याची सुट्टी घालवू शकतात. आम्ही घालवली आहे.

आमच्या शेजारच्या कुळागरात पाणी लावायला येणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी एकदा विचारलं, याला तुम्ही काय म्हणता? त्यांनी वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "रान बोवाळ करता पळे बाब, पावस लागीं पावला." किड्याचं नाव नाहीच! ओरडतं ते रान. मला हे उत्तर आवडलं, पण त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. डोमकावळ्याला नाव आहे, पावशाला नाव आहे, मिरगाच्या लाल किड्याला नाव आहे. वर्षातून दोन महिने जो सगळ्यांच्या वरचढ आवाज करतो त्याला नाव विचारलं तर माणूस रानाकडे बोट दाखवतो. संस्कृतात शब्द आहेत. अमरकोशात झिल्लिका, चीरी, झीरुका अशी नावं एका ओळीत दिली आहेत, पण तिथेही रातकिडा आणि सिकाडा एकाच पाटावर बसवलेले. शिवाय ही सगळी नावं स्त्रीलिंगी आणि ओरडतो तो फक्त नर! मादी बिचारी मुकी असते. कोशकारांनी आवाज ऐकून लिंग ठरवलं की काय कोण जाणे. असो.

केरळातल्या लोकांनी मात्र आपलं नाव जपलं. मल्याळममध्ये या किड्याला चीवीडु म्हणतात. दक्षिण भारतात सापडणारा एक सिकाडा मलेशियातल्या जातीचाच आहे असं कित्येक दशकं धरून चाललं होतं. 2023 साली कीटकशास्त्रज्ञांनी तो वेगळा असल्याचं दाखवलं आणि त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं 'पुराना चीवीडा'. गावातल्या म्हातारीच्या तोंडचा शब्द जगभरच्या कीटकशास्त्राच्या वहीत गेला. आणि तो किडा परका नव्हे बरं का, गोव्यापासून कन्याकुमारीपर्यंतच्या सदाहरित रानांत तो असावा असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे आपल्याही रानातला असू शकेल. नाव मात्र मल्याळी. दोष त्यांचा नाही. आपल्याकडे द्यायला शब्दच नव्हता.

नाव नाही म्हणून चरित्रही नाही, आणि चरित्र ठाऊक नाही म्हणून गोष्टीतल्या मुंगीचं आपल्याला खरं वाटतं. ते चरित्र एकदा नीट सांगतो.

मादी बारीक फांदीला करवतीसारख्या अवयवाने चिरे पाडते आणि चिऱ्यात अंडी घालते. काही आठवड्यांनी, काही जातींत काही महिन्यांनी, अंड्यातून मुंगीएवढं पिल्लू बाहेर येतं आणि फांदीवरून सरळ खाली पडतं. पडलं की माती उकरायला लागतं. पुढचे दोन पाय त्यासाठीच घडवलेले, कुदळीसारखे. मातीत शिरून ते झाडाचं कोवळं मूळ गाठतं, त्यात सोंड रुतवतं, आणि तिथे बसतं. किती दिवस? दिवस नव्हे, वर्षं. बहुतेक जातींत दोन ते पाच वर्षं, काहींत त्याहून पुष्कळ जास्त. याचं कारण त्याच्या जेवणात आहे. झाडात दोन प्रकारचे रस वाहतात. पानांत तयार झालेलं गोड अन्न खाली नेणारा एक, आणि मुळांनी शोषलेलं पाणी वर नेणारा दुसरा. मावा पहिला पितो आणि महिन्याभरात पोराबाळांचा धनी होतो. सिकाडा दुसरा पितो. हा म्हणजे जवळजवळ निव्वळ पाणी, त्यात नावापुरते क्षार आणि नावापुरतं अन्न. पेजेच्या वरच्या निवळावर पोर वाढवण्यासारखं आहे हे. जे कमी पडतं ते त्याच्या शरीरात पिढ्यानपिढ्या मुक्काम करून असलेले जिवाणू बनवून देतात, ते नसते तर हा मेलाच असता. इतक्या पातळ जेवणावर शरीर वाढायचं म्हणजे वेळ लागणारच. या काळात तो अंधारात चार वेळा कात टाकतो, एका मुळावरून दुसऱ्या मुळावर जातो, आणि स्वतःच्या मुताने माती भिजवून बिळाच्या भिंती लिंपतो. गवंड्याचं काम आहे ते.

मग एका वर्षी, उन्हाळ्याच्या शेवटी शेवटी, तो वरच्या दिशेने बीळ काढतो आणि काळोख पडल्यावर बाहेर येतो. जे उभं दिसेल त्यावर चढतो. झाड, कुंपणाचा दगड, तुळशी वृंदावन, कशावरही. पाय घट्ट रोवून थांबतो. पाठीवर सरळ रेघ उकलते आणि आतून मऊ, फिक्कट, चुरगळलेल्या पंखांचा जीव हळूहळू मागे झुकत बाहेर येतो. पंखांत रस भरला की ते ताठ होतात, सकाळपर्यंत अंगाला रंग चढतो, आणि तो उडतो. मागे राहते ती कात, पायांच्या नख्यांसकट, पाठीला चीर असलेली. आपण सगळ्यांनी ती पाहिली आहे. लहानपणी सदऱ्याला बिल्ल्यासारखी लावून फिरलो आहोत.

या नंतरचं आयुष्य किती? दोन ते सहा आठवडे. तेवढ्यात गायचं, जोडीदार गाठायचा, अंडी घालायची, मरायचं.

आता हिशेब करा. चार-पाच वर्षं काळोखात पाण्यासारख्या रसावर काढलेली, आणि महिनाभर गाणं. याला कोण आळशी म्हणतो? आणि गोष्टीत तो हिवाळ्यात मुंगीकडे दाणे मागायला जातो म्हणे. हिवाळ्यापर्यंत तो जगतच नाही. जगला तरी त्याला दाणे चावायला तोंड नाही, सोंड आहे. ज्याने ही गोष्ट रचली त्याने हा किडा ऐकला होता, पाहिला नव्हता.

ही बाजू लावून धरणारा पहिला वकील मी नव्हे. दक्षिण फ्रान्समध्ये सेरिन्यां नावाच्या गावात झां-आंरी फाब्र नावाचा एक शाळामास्तर होऊन गेला (1915 साली वारला). आयुष्यभर किडे बघत बसलेला माणूस. त्याने ला फोंतेनच्या गोष्टीवर रीतसर खटला भरला. त्याने पाहिलं ते असं. कडक उन्हाळ्यात सगळं सुकलेलं असताना सिकाडा फांदीला सोंडेने भोक पाडतो आणि रस पीत बसतो. भोकाच्या कडेने थोडा रस पाझरतो. लगेच गांधीलमाश्या, माश्या, भुंगे जमतात, आणि सगळ्यांत जास्त मुंग्या. आधी त्याच्या पोटाखालून सरपटत जाऊन चाटतात. मग धीट होतात, त्याचे पाय चावतात, पंख ओढतात, पाठीवर चढतात, सोंडसुद्धा उपटायला बघतात. शेवटी तो कंटाळून उडून जातो आणि विहीर मुंग्यांच्या ताब्यात. पुढे काही आठवड्यांनी तो मरून खाली पडला की त्याच मुंग्या त्याचे तुकडे करून वारुळात नेतात. म्हणजे भीक कोण मागतं, लुबाडतं कोण? आमच्या मास्तरांनी हे वाचलं असतं तर पेटीवाल्या मुलाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं असतं.

याच फाब्रचा दुसरा प्रयोग फार प्रसिद्ध आहे. सिकाडांना ऐकू येतं की नाही हे बघायला त्याने गावकीच्या, सणासुदीला उडवायच्या दोन उखळी तोफा मागून आणल्या आणि आपल्या घरासमोरच्या झाडांखाली उडवल्या. घराच्या काचा फुटू नयेत म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्या. वर गाणाऱ्यांनी एक सूरही चुकवला नाही. फाब्रने निष्कर्ष काढला, बहिरे आहेत. इथे मात्र तो फसला. सिकाडाला कान आहेत, पोटावर आहेत. पण ते त्याच्या स्वतःच्या जातीच्या आवाजाला जुळवलेले असतात, तोफेच्या धडाडधुमला नव्हे. आणि नर स्वतः ओरडतो तेव्हा आपल्या कानाचा पडदा ढिला करून ठेवतो, नाहीतर आपल्याच आवाजाने बहिरा व्हायचा. नाटकात कर्ण्यासमोर बसावं लागलेल्यांनी ही सोय नक्की मागून घेतली असती.

आवाज काढायची युक्तीही बघण्यासारखी आहे. पोटाच्या दोन्ही अंगांना एकेक ताठ, कण्याकण्यांचा पडदा असतो. आतून एक जाड स्नायू तो ओढतो. पडदा आत दबतो तेव्हा 'टक्', सुटतो तेव्हा पुन्हा 'टक्'. पत्र्याच्या डब्याचं झाकण अंगठ्याने दाबून सोडलं की होतं तसं. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं, म्हणून आपल्याला टक्-टक् न ऐकू येता सलग किर्र ऐकू येतं. आणि नराचं पोट बहुतांशी पोकळ. घुमटाचं मडकं जे काम करतं तेच काम ते करतं. फरक एवढाच की आपल्या घुमटावर थाप बाहेरून पडते आणि याची आतून. जवळून मोजला तर काही जातींचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. आणि प्रत्येक जातीचा सूर वेगळा, वेळही बरीचशी वेगळी, कारण मादीला त्या गोंगाटातून आपल्याच जातीचा नर ओळखायचा असतो.

झाडाखाली उभं राहिल्यावर अंगावर बारीक तुषार पडतात आणि आभाळ तर स्वच्छ, हा अनुभव सह्याद्रीत फिरणाऱ्यांना असेल. तो पाऊस नव्हे. इतका पातळ रस प्यायचा म्हणजे तितकंच पाणी टाकायलाही लागणार! बहुतेक रस पिणारे किडे थेंब थेंब टाकतात, हा मात्र धार सोडतो. 2024 साली शास्त्रज्ञांनी त्या धारेचा वेगही मोजला, सेकंदाला तीन मीटरपर्यंत. ज्यांना हे वाचून किळस आली त्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं की ते झाडाचंच पाणी आहे, किंचित वापरलेलं.

अमेरिकेतल्या सिकाडांचं कौतुक वर्तमानपत्रांतून येत असतं, म्हणून त्यांच्यावर फार वेळ घालवत नाही. तिथे काही जाती तेरा आणि काही सतरा वर्षांनी, एका प्रदेशातल्या सगळ्या एकदम, लाखांनी बाहेर येतात. पक्षी खाऊन खाऊन किती खाणार? पोटं भरतात आणि उरलेले जगतात. 2024 साली तेरा वर्षांची एक आणि सतरा वर्षांची एक अशा दोन टोळ्या एकाच उन्हाळ्यात आल्या. हे याआधी 1803 साली झालं होतं. मला यातली दोन प्रकरणं महत्त्वाची वाटतात, आणि दोन्ही आपल्या कामाची आहेत.

पहिलं म्हणजे, ते वर्षं मोजतात कशी? काही शास्त्रज्ञांनी पंधरा वर्षांची पिल्लं पीचच्या झाडांच्या मुळांशी नेऊन ठेवली आणि त्या झाडांना वर्षातून दोनदा बहर यायला लावला. हा प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला. पिल्लं एक वर्ष आधी बाहेर आली. म्हणजे खाली बसलेला तो जीव ऊन-पाऊस मोजत नाही, झाडाच्या रसातली चढउतार मोजतो. झाड हेच त्याचं पंचांग.

दुसरं म्हणजे, संपलेल्या टोळ्या. या टोळ्यांना तिथे आकडे दिलेले आहेत. कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातली अकरा नंबरची टोळी 1954 साली शेवटची दिसली. त्यांची पुढची पाळी 1971 ची. 1971 उजाडलं, कोणी आलं नाही. फ्लोरिडाकडची एकवीस नंबरची टोळी 1870 नंतर आलेली नाही. यात भयंकर काय आहे, तर मधली सतरा वर्षं. त्या वर्षांत कधीतरी शेवटची पिल्लं मेली असतील, आणि वर चालणाऱ्या माणसाला काही कळलं नाही, कारण तसंही त्या वर्षांत काही ऐकू येणारच नव्हतं. गुन्हा एका वर्षी, पुरावा दुसऱ्याच वर्षी.

आपल्याकडचे सिकाडा दर वर्षी ऐकू येतात, म्हणजे आपण सुरक्षित, असं वाटेल. पण दर वर्षी ऐकू येतात ते तेच नसतात. जमिनीखाली एकाच वेळी वेगवेगळ्या वर्षांची पिल्लं असतात. यंदा गाणारे चार वर्षांपूर्वी खाली गेलेले, पुढच्या वर्षीचे त्यानंतरचे. एका टेकडीवरची झाडं यंदा कापली तरी शेजारच्या टेकडीवरून आवाज येतच राहतो, आणि वर राहणारा म्हणतो, आहे की, ओरडताहेत अजून. (भारतातही एक ठराविक वर्षांनी येणारा आहे बरं का. मेघालयात री-भोई जिल्ह्यातल्या सैदेन गावी दर चार वर्षांनी मे महिन्यात तो निघतो. 2010, 2014, 2018, 2022 ही त्याची वर्षं. फुटबॉलच्या विश्वचषकाशी बरोब्बर जुळतात. तिथले लोक त्याला नियांगतासेर म्हणतात, रात्री मशाली घेऊन जाऊन गोळा करतात आणि आवडीने खातात. 2013 साली त्या जातीला त्या जिल्ह्याचंच नाव मिळालं. विश्वचषकासाठी काय काय करणाऱ्या आमच्या सासष्टीकरांना हे अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही.)

आता मी ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तिकडे येतो. गोव्यात सध्या झाडावर चर्चा होते ती आकड्यांची. किती कापली, किती लावणार. 2016 साली तर विधानसभेने माड हे झाड आहे की नाही यावरच कायदा बदलला आणि माडाला झाडांच्या व्याख्येतून बाहेर काढलं. पुढे त्याला परत आत घ्यावं लागलं. मोलेच्या अभयारण्यातून जाणाऱ्या तीन प्रकल्पांवरून, म्हणजे रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं रुंदीकरण आणि वीजवाहिनी, 2020 पासून जी चळवळ झाली तिच्यातही लोकांच्या तोंडी आकडाच होता, तोडल्या जाणाऱ्या झाडांचा. चळवळीला माझा पाठिंबाच होता आणि मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेमार्गाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली तेव्हा मला आनंदच झाला. तरीही सांगतो, झाडांचा आकडा हे मोजमापच तोकडं आहे. कारण त्या मोजमापाला लगेच उत्तर मिळतं. एक कापलं तर दोन लावू, तीन लावू, इथे नाही तर तिकडे लावू. मोठी झाडं यंत्राने उपटून दुसरीकडे नेऊन रोवू. कागदावर झाडं वाढलेलीच दिसतात!

पन्नास वर्षांच्या किंदळाच्या मुळांशी खाली काय बसलं आहे ते मात्र कुठेच नेता येत नाही. दोन वर्षांचं पिल्लू, तीन वर्षांचं पिल्लू, कोणत्या मुळावर किती, कोण जाणे. झाड कापलं की रस थांबला, पंचांग बंद. यंत्राने माती सोलली की तेही नाही, मूळही नाही. वर काँक्रीट किंवा सिमेंटच्या लाद्या बसल्या, तर जे कसेबसे तग धरून राहिले त्यांना त्यांच्या वर्षी वर यायला वाटच नाही. दुसऱ्या तालुक्यात लावलेल्या रोपट्याचा यांना उपयोग शून्य, कारण पिल्लू चालत चालत तालुका ओलांडत नाही. मादी उडत जाऊन तिथे अंडी घालील, हे खरं, पण कोणती मादी? तिला आधी कुठून तरी जमिनीतून वर यायला हवं. अहवालांत सस्तन प्राण्यांच्या याद्या असतात, पक्ष्यांच्या असतात, अलीकडे फुलपाखरांच्याही असतात. मुळांना चिकटून चार वर्षं बसलेल्याची यादी मी तरी कुठल्या अहवालात पाहिलेली नाही. आणि अशी पाहणी दोन-चार महिन्यांत उरकायची असते. पाहणी जानेवारीत केली तर तिथे सिकाडा 'नाहीतच'!

या मुद्द्यावर दोन आक्षेप नेहमी ऐकायला मिळतात. एक, अहो किडाच तो, त्याचं काय एवढं. त्यांना मी मुंगीचं उदाहरण देणार नाही. एवढंच म्हणेन, की पिल्लांनी केलेल्या बिळांतून पावसाचं पाणी आणि हवा आत जाते, बाहेर आलेल्यांवर पक्षी आणि कोळ्यांपासून रानातले कित्येक पोसतात, आणि मेलेल्यांचं खत त्याच झाडाच्या बुंध्याशी पडतं. झाडाकडून चार वर्षं घेतलेलं तो एका महिन्यात बरंचसं परत करतो. आपल्यातले किती जण करतात?

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो, कारण तो आपल्याच नव्या शेजाऱ्यांकडून येतो. शांततेसाठी गोव्यात घर घेतलं, आणि इथे तर कान किटतात हो! एका ओळखीच्या घरी पाहुणे आले होते, त्यांनी फवारणी करता येईल का असंही विचारलं. त्यांच्यावर मी रागावलो नाही. शांतता म्हणजे आवाज नसणं, असं शहरात वाटू लागतं. केरळातल्या 'सायलेंट व्हॅली'ला ते नाव सिकाडांचा आवाज नाही म्हणून पडलं अशी एक समजूत आहे. खरीखोटी असेल, पण ज्याला ती सुचली त्याला रान आणि हा आवाज एकच वाटत होते, आणि आवाज नसणं ही सांगण्यासारखी गोष्ट वाटत होती. त्या पाणी लावणाऱ्या गृहस्थांसारखंच.

यंदा शिगमो आटोपला की मी एक साधं काम करणार आहे, ज्यांना जमेल त्यांनीही करावं. आपल्या घराभोवतीची, देवळाभोवतीची, वाटेवरची आठ-दहा झाडं ठरवून घ्यायची. चैत्रात पहिला आवाज कधी आला ती तारीख लिहायची. पुढे दर चार दिवसांनी सकाळी खोडांवरच्या काती मोजायच्या, बुंध्यापासून हात पोचेल तितक्या उंचीपर्यंत. मोजलेल्या काढून टाकायच्या, नाहीतर पुन्हा मोजल्या जातात. मुलांना हे काम द्या, ती आपल्यापेक्षा जास्त शोधतात. मिरगाचा पहिला जोराचा पाऊस आला की काती वाहून जातात, म्हणून त्याआधी संपवायचं. आणि तुमच्या गावात कोणा म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी या किड्याला खास शब्द असेल, तर तो आकड्यांच्या शेजारी लिहून ठेवा.